साखर घातलेला डबा

"जागा कालच गेली," आडनाव ऐकल्यावर तिसरा घरमालकही म्हणाला. पुण्यात नव्याने आलेल्या दमयंतीने शेवटी स्टेशनमागची अठरापगड वस्ती निवडली. भाडं परवडणारं, आणि आडनाव कुणी विचारलं नाही. "इथे आपल्याला कुणी परकं मानणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

ईदला वरच्या मजल्यावरच्या जमीलाभाभींनी डबाभर शीरखुर्मा आणून दिला. दमयंतीने तो हसून घेतला, पण तोंडाला लावला नाही. कामाच्या शेवंताबाईंना देऊन टाकला. डबा रिकामा परत करू नये म्हणून त्यात साखर घातली आणि "छान झाला होता हो," असं भाभींना सांगून आली.

श्रावणात तिने पुरणपोळ्या केल्या. पहिल्या चार समोरच्या आगाशेकाकूंना नेऊन दिल्या. संध्याकाळी काकू डब्यात साखर घालून आल्या. "छान झाल्या होत्या हो," म्हणाल्या. दमयंतीला भरून आलं.

दोन्ही घरची भांडी घासणाऱ्या शेवंताबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ताई, काकूंनी तुमच्या सगळ्या पोळ्या मलाच दिल्या. तुम्ही नाही का तो शीरखुर्मा दिला होता? तुमच्यासारखंच मोठं मन हो त्यांचं."