दारातला घास

“उत्तर चुकलं तरी चालेल पोरांनो, पण मनाचं काही लिहू नका!”

भूगोलाच्या असिलकान एजेंचा सहावीच्या वर्गातला तो आवाज नुर्जातला अजून ऐकू येतो. शाळेत बाईंना सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणत. त्याला तीस वर्षं झाली. आज त्याच एजे तिच्या व्यायामशाळेत काट्यावर उभ्या होत्या. मोजे काढून, केसांतला कंगवासुद्धा काढून.

काटा थरथरला आणि थांबला. एक्क्याण्णव किलो दोनशे.

“पंधरा दिवसांत दोनशे ग्रॅम वाढलंच की,” नुर्जात म्हणाली.

“तुझा काटा म्हातारा झालाय.”

“काटा नवा आहे एजे. मागच्या महिन्यात बिश्केकहून आणलाय.”

“मग बिश्केकवाल्यांनी फसवलं तुला.”

आठ किलो उतरले तरच गुडघ्याचं ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एजेंचा मुलगा एल्दियार मॉस्कोला असे. तो नुर्जातच्याच वर्गातला. आईचं नाव इथं त्यानंच घातलं होतं. गुडघा झाला की तो आईला कायमची नेणार होता. तिकडे खोली रंगवून तयार होती. रोज त्याचा निरोप येई, किती उतरलं?

नुर्जातच्या टेबलावर दोन पाहुणे मुक्कामाला होते. संगणकात व्यायामशाळा सांभाळणारा प्रोग्राम होता. कोण किती वाजता आलं, कुणी दांडी मारली, सगळं तो टिपायचा. मोबाइलमध्ये आहाराचं ॲप होतं. त्यात ज्यानं त्यानं आपला घास न घास लिहायचा. दोन्ही पंधरा दिवस फुकट, आणि मुदत आज दुपारी संपत होती. दोघांना पोसणं तिला परवडणारं नव्हतं. कुणाला ठेवावं ते ठरेना, म्हणून तिनं दोघांची परीक्षा एजेंवरच घेतली होती.

एजेंनी ॲपमध्ये सगळं सुवाच्य लिहिलं होतं. सकाळी कुट्टूची पेज. दुपारी सूप. संध्याकाळी काकडी आणि दही. प्रोग्राममध्ये पंधराच्या पंधरा दिवस हजेरी.

हा म्हणतो बाई रोज येते. तो म्हणतो बाई चिऊच्या घासाएवढं खाते. मग काटा ऐकतो तरी कुणाचं?

नुर्जातला आता राहवेना. तिनं मोबाइल उचलून संगणकाला टेकवला, दोन साक्षीदार समोरासमोर उभे करावेत तसा. आणि तिला ते दिसलं. पेज आठ वाजता. हजेरी दहाला दहा कमी. रोजच.

एजेंचं घर व्यायामशाळेच्या मागच्याच गल्लीत होतं.

“एजे, पेज खाल्ल्यावर तुम्ही जाता कुठं?”

“इथंच येते की.”

“मागच्या गल्लीतून यायला पावणेदोन तास?”

“गुडघा आहे माझा, घोडा नाही.” एजेंनी मोजे चढवायला घेतले. “वाटेत माणसं हाक मारतात. बर्मेतच्या सुनेला मुलगा झालाय. सायरानं छप्पर घातलंय नवीन. दारात नान घेऊन उभ्याच राहतात बाया. तोंड लावल्याशिवाय पुढं जाऊ देतात होय?”

“आणि तुम्ही तोंड लावता.”

“नान समोर धरल्यावर नाही म्हणू? तू म्हणशील?”

नुर्जातही म्हणाली नसती. या गावात कुणीच म्हणालं नसतं.

“नुसतं नान?”

“वर साय असते थोडी. जर्दाळूचा मुरंबा. सायरा कढईतून काढून कणकेचे गरम बोरसोक देते, चार-पाच.”

“आज किती दारं झाली?”

एजेंनी बोटांवर मोजलं. “सात.”

“सात दारं! आणि ॲपात एकही नाही?”

“ते खाणं आहे का? ते तोंड लावणं. तुझ्या त्या डबीत तोंड लावण्याचा रकाना दाखव, लिहिते.”

नुर्जात खो खो हसली. तिनं खरंच शोधून पाहिलं. वाटी होती, चमचा होता, ग्रॅम होते. दारातल्या घासाला जागा नव्हती. हसता हसता ती थांबली.

“पण एजे, बर्मेत नदीपलीकडे राहते. आणि सायरा पार घोडेबाजाराच्या मागे.”

एजे मोजा ओढत राहिल्या.

“यातलं एकही दार तुमच्या वाटेवर नाही. पाऊल टाकताना कळ येते तुम्हाला. मग रोज पूल ओलांडून...”

मोजा टाचेशीच राहिला. खिडकीबाहेर पॉप्लरची पानं सळसळत होती. टेबलावरचा मोबाइल थरथरला. एल्दियार विचारत होता, आईचं आज किती भरलं?

“काय कळवू त्याला?” नुर्जातनं विचारलं.

“दोनशे ग्रॅम लिही.”

“ते लिहीन. का वाढलं, तेही विचारेल तो.”

एजेंनी मोजा तसाच सोडला. मग त्यांनी हात पुढे केला. नुर्जातनं मोबाइल त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि बोलायचं बटण कुठलं ते दाखवलं.

एजेंनी बटण दाबलं, सोडलं. घसा खाकरून पुन्हा दाबलं.

“एल्दियार, बाळा, वजन उतरत नाही असं नाही. मीच उतरू देत नाही. गुडघा बरा झाला, तर तुला नाही म्हणायला माझ्याकडे काय उरतं रे? मला यायचं नाहीये तिकडे.”