दुखण्यांची मेमरी

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याच्या टेबलावर आज तिसऱ्या दिवशीही तेच प्रोसेसरचं मॉड्यूल होतं. दिव्याखाली धरून तो त्याला लाडाने विचारत होता, "काय होतंय गं राणी तुला?" चहा घेऊन आलेल्या बायकोला तीस वर्षांत कुणी राणी म्हटलं नव्हतं. सवत परवडली, निदान तिच्या झिंज्या तरी उपटता येतात, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात तो फोनवर गिऱ्हाइकाला समजावू लागला. "अहो, हिच्यात दोन मेमरी असतात. एकीत उठल्याउठल्या कुठली कामं करायची ते लिहिलेलं असतं, ते फर्मवेअर. दुसरीत आजवर कधी, काय बिघडलं त्याची नोंद. ती वाचल्याशिवाय मी हातच लावत नाही. बिचारीला बोलता येत नाही ना!"

बायकोला बोलता येत होतं. तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

दुरुस्तीला आलेल्या मालाला बांधतात तसली एक चिठ्ठी तिने उचलली. 'तक्रार' या शब्दापुढे लिहिलं, 'गुडघा दुखतो. तीन महिने झाले.' चिठ्ठी मनगटाला बांधली आणि खुर्ची ओढून, दिव्याखाली हात ठेवून बसली.

त्याने भिंगातून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग मॉड्यूल बाजूला ठेवून हळूच विचारलं, "कुठला गं? उजवा?"

 

"डावा. उजवा गेल्या वर्षी दुखत होता."