सीलबंद डबा
दक्षताच्या गेल्या वर्षीच्या पत्राला पेडणेकर सरांनी उत्तर दिलंच नव्हतं. मोहने गावातल्या या वेटलिफ्टर माजी विद्यार्थिनीने विचारलं होतं, ‘अमिनो आम्लांच्या पावडरीने खरंच ताकद वाढते का?’ रसायनशास्त्राचे हे निवृत्त शिक्षक शोधनिबंध वाचत बसले. एक हो म्हणे, दुसरा नाही. लिहायचा धीर होईना.

आज तिचं दुसरं पत्र आलं.

‘सर, राज्यात पहिली आले! अंडी आणि आईच्या हातचे बोंबील खाऊन. तुम्ही प्रयोगशाळेत म्हणायचात ना, मला विचारल्याशिवाय बाटली उघडायची नाही! पावडरीचा डबा आणलाय, पण अजून सीलबंद आहे. आता तरी सांगा, उघडू का?’

सरांनी लिहिलं, ‘मला अजूनही खात्री नाही, बाळ. पण माझ्या शब्दासाठी इतकं कुणीच थांबलं नव्हतं. आभारी आहे.’

आणि पुन्हा शंका यायच्या आत ते पत्र टपालपेटीत टाकून आले.