पुन्हा पहिल्यांदा

हॉस्पिटलातली पाळी संपवून आलेल्या रेवतीने सोफ्यावर अंग टाकलं. समोरच्या पडद्यावर तिने सरत्या वर्षात काय काय पाहिलं, त्याचा आढावा आला होता. वर्षभर तिने एकच विनोदी मालिका पाहिली होती. मालिका संपली की रेवती मेंदूतून तिची आठवण पुसून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यांदा पाहायची. असं नऊ वेळा.

"नऊ वेळा? तू बोलला नाहीस कधी!" ती नवऱ्याला, अभिरामला म्हणाली.

"दमून यायचीस. तेवढंच काय ते हसायचीस."

"आणि तू?"

"मी नाही काही पुसलं. शेजारी बसायचो."

मालिकेबरोबर त्या संध्याकाळीही पुसल्या गेल्या होत्या, हे रेवतीला आत्ता जाणवलं.

"आपण काय बोलायचो रे तेव्हा?"

अभिराम घुटमळला. "शेवटचा भाग संपला की तू नोकरी सोडायचं ठरवायचीस. दुसऱ्या दिवशी आठवण पुसून आलीस, की ते ठरवलेलंही गेलेलं असायचं."

रेवतीने पडदा बंद केला.

"राजीनामा आत्ताच लिहू या," ती म्हणाली. "उद्या मी परत दमलेली असेन."