तीन आकडे जुळले की

“चाळीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण माझ्या द्रावणाची तीव्रता दुसऱ्या दशांशातसुद्धा चुकली नाही,” रिटायर्ड केमिस्टकाका शेजारणीला सांगत होते. “एका मोजणीवर विश्वास ठेवायचाच नाही. तीनदा मोजायचं. तिन्ही आकडे जुळले, तरच वहीत लिहायचं. नाही जुळले, तर पुन्हा मोजायचं.”

“म्हणजे काकूंचा होकारही तीनदा घेतला असणार,” शेजारीण म्हणाली.

“मग काय.”

काकू गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. तीन वर्षांनी मुलीचा फोन आला होता. ती म्हणाली, “बाबा, रविवारी येते. चांगली चार दिवस राहीन.”

काकांनी पलंगावर नवी चादर घातली, तिच्या जुन्या खोलीतली जळमटं काढली आणि तासाभराने तिला फोन लावला. “येतेस ना?”

“हो बाबा, येते म्हटलं ना.”

संध्याकाळी पुन्हा लावला. “नक्की येतेस ना?”

“बाबा, माझ्या शब्दावर तुमचा कधी भरवसाच नव्हता. आईच्याही नव्हता. राहू दे, नाहीच येत.”

दोन ‘हो’ आणि एक ‘नाही’. आकडे काही जुळेनात.

 

नियमाप्रमाणे काकांनी चौथ्या मोजणीसाठी पुन्हा फोन लावला, तेव्हा जावई म्हणाले, “ती बाहेर गेलीय,” आणि मागून मुलीने विचारलं, “ठेवला का त्यांनी?”