शिलाईची दोन बोटं

बायकोने नवऱ्याचं अंग ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि पोटावरची रेघच पुसली गेली.

"अगं, डॉक्टरीणबाईंची रेघ होती ती!" शिंपी खाटेवरून ओरडला, पण हळूच. जोरात ओरडायला बंदी होती. शिंकायला, खोकायला, हसायलासुद्धा. मलेरियाने त्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, अशी फुगली होती, की खोटं वाटेल, पण पोट आधी वॉर्डात शिरलं आणि शिंपी मागाहून आला. हिसका बसला तर फुटायची. काल डॉक्टरीणबाईंनी बरगडीखाली चाचपून तिची कड शोधली, तिथे पेनाने रेघ मारली आणि बजावलं, "उद्या याच्या खाली उतरली, तर ऑपरेशन."

"आता हो काय करायचं?" बायकोने फडकं पाठीमागे लपवलं.

"एकदा बघितलेलं माप मी विसरतो का?" शिंप्याने कानामागचा खडू काढला. भर तापातही तो खडू कुणाला तिथून हलवता आला नव्हता. झोकात रेघ ओढली.

डॉक्टरीणबाई आल्या. रेघेपासून वर वर चाचपत गेल्या. "कमाल आहे! चार बोटं वर सरकली की!"

वॉर्डभर आनंद. बायकोचाच चेहरा पडला. "बाई, तुमची रेघ माझ्या हातून पुसली गेली. ही यांनी काढलीय." मग नवऱ्याकडे वळून, "खरं सांगा, शिलाईला जागा सोडलीत ना?"

शिंपी छताकडे बघायला लागला. "हाताची सवय गं. दोनच बोटं खाली ओढली. गिऱ्हाईक पुढे अंगाने भरलं, तर उसवायला नको?"

"पाणथरी उसवणार?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा हात ठेवला. "श्वास घ्या... सोडा." खडखडणारा पंखासुद्धा गप्प झाला.

"तुमची दोन बोटं उसवली," त्या म्हणाल्या, "तरी दोन बोटं वरच आहे. सूज ओसरतेय. ऑपरेशन नाही!"

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा आधी फिसकन हसला. मग नर्स, मग अख्खा वॉर्ड. शिंप्याचेही गाल फुगले.

"तुम्ही नाही हं!" डॉक्टरीणबाईंनी बोट रोखलं. "अजून नाजूक आहे ती."

बायकोने धावत जाऊन त्याचं तोंड दाबून धरलं आणि स्वतःच इतकी हसली, की खाट गदागदा हलायला लागली. शेवटी तिलाच वॉर्डाबाहेर काढावं लागलं.

दाराआडून तिचं हसू येतच राहिलं. आत शिंपी गळ्यातली मापाची टेप दातांत घट्ट धरून पडला होता.