पथ्य कुणाचं?

दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट आले. नवऱ्याचा स्वच्छ आणि तिच्या लिव्हरचे आकडे चढलेले! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच तडक लॅबमध्ये जाऊन ती कडाडली, "रोज संध्याकाळी बाटली घेऊन हे बसतात आणि लिव्हर माझं बिघडतं? नळ्यांची अदलाबदल केलीत तुम्ही!"

काउंटरवरचा माणूस परोपरीने सांगत होता, "ताई, पुन्हा रक्त द्या, खात्री करून घेऊ." पण ती कसली ऐकते!

घरी येऊन तिने नवऱ्याचं पथ्य सुरू केलं. बाटली कुलपात गेली. सकाळी त्याला ढकलून फिरायला पाठवायचं आणि तो येईपर्यंत त्याच्यासाठी वेगळ्या भाज्या उकडायच्या. स्वतः ती मुलांचं उरलंसुरलं ओट्याशी उभ्यानेच, मिळेल तेव्हा पोटात ढकलायची.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. नवरा ठणठणीत. तिचे आकडे दुप्पट.

"पहिला रिपोर्टही बरोबरच होता," डॉक्टर म्हणाले. "दारूला न शिवणाऱ्यांच्याही लिव्हरवर चरबी साठते. घाबरू नका, उतरेल. पण वेळेवर साधं जेवण हवं आणि रोजचं चालणं. घरच्यांनी जरा लक्ष द्या."

तिने नवऱ्याकडे पाहिलं.

तो खुर्चीत ऐसपैस रेलून हसला. "काळजीच सोडा, डॉक्टर. माझं सगळं हिनेच तर केलं. पथ्य तोंडपाठ आहे तिला. तिचं ती करून घेईल."